सातव्या ग्रहाचं दार

कोल्हापूर,
१४ जुलै २०२५

चि. ऐश्वर्यास आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा पोचलं. आत एक पेन ड्राइव्ह आणि दीड ओळीची चिठ्ठी: ‘मावशी, तीन वर्षं खपून हा गेम केलाय. वीस सप्टेंबरला सगळ्यांसाठी खुला होईल. त्याआधी खेळून बघ आणि खरं ते सांग.’ वर मायना नाही, तारीख नाही, खाली नाव नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर असलं पत्र मेलेला उंदीर धरावा तसं दोन बोटांत धरून आम्हाला परत करायच्या. पण तुझी आई गेल्यापासून दोन वर्षांत तू मला लिहिलेली ही पहिलीच ओळ, म्हणून ठेवून घेतली.

खरं सांग म्हणालीस, तर ऐक.

वरच्या मजल्यावरची भाडेकरू क्रांती, जी कागलच्या एमआयडीसीत कारखान्याच्या संगणकावर बसते, तिनं तुझा खेळ माझ्या संगणकात चढवून दिला. पांढऱ्या पोशाखातली एक मुलगी, नाव ठिपकी, या ग्रहावरून त्या ग्रहावर उड्या मारत घरी निघाली आहे. ठीक. मुलीनं एकटीनं घरी जावं, मला आवडलं. पण पहिला ग्रह केवढा, दुसरा केवढा! दुसरा रंकाळ्याएवढासुद्धा नाही, आणि ही बया दोन्हीकडे सारखीच उंच उडते? चौतीस वर्षं मी मुलींना भौतिकशास्त्र शिकवलं. गुरुत्वाकर्षण हा काय ऐच्छिक विषय आहे?

हे झालं अज्ञान. आता अपराध. तुझ्या ग्रहांवर जांभळे, एकडोळे, गोगलगायीसारखे जीव फिरतात. बिचारे कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. आणि ठिपकीनं त्यांच्या डोक्यावर उडी मारून त्यांना चिरडायचं! वर ‘पच्च’ असा आवाज, आणि दहा गुण बक्षीस! पहिल्याच ग्रहावर नऊ जीव. ऐश्वर्या, आपण जैन, पाणी गाळून पिणारी माणसं. तुझी आई कोबी चिरताना अळी निघाली तर पानासकट उचलून मागच्या शेवग्याखाली ठेवून यायची. तिच्या पोटी जन्मून तुला हे सुचलं कसं?

तात्यासोंना नमस्कार. त्यांना गोळ्या वेळेवर दे.

तुझी,
विजयमाला मावशी


गडहिंग्लज,
१९ जुलै २०२५

तीर्थरूप मावशीस सा. न.

या वेळी मायना आहे, तारीख आहे, खाली नावपण घालते.

तू गुरुत्वाकर्षणाचं म्हणालीस ते बरोबर आहे. मी आठही ग्रहांना एकच आकडा दिला होता. आळस, दुसरं काही नाही. कालपासून ते दुरुस्त करायला बसले आहे. आता लहान ग्रहावर ठिपकी उंच जाईल आणि हळू उतरेल. नवीन आवृत्ती क्रांतीताईंच्या ईमेलवर पाठवते.

पण जिवांचं पटलं नाही. ते जीव नाहीत गं, ठिपके आहेत. प्रत्येकाला पडद्यावरच्या सोळा ठिपक्यांची एक चौकट, त्यात जांभळा रंग आणि एक काळा डोळा. उड्यांच्या गेममध्ये समोर आलेल्यावर उडी मारायची ही चाळीस वर्षांची रीत आहे. ते काढलं तर खेळणारा म्हणेल, मग करायचं काय?

आणि मावशी, तू चुकाच मोजल्यास. प्रत्येक ग्रहावर वेळ मोजायला घड्याळाऐवजी मी सूर्य ठेवलाय. तो मावळायच्या आत ठिपकीनं पुढच्या ग्रहावर पोचायचं. का, ते तू विचारलं नाहीस. मला वाटलं होतं ते तुलाच पहिलं दिसेल.

मधेच सोडू नकोस. आठव्या ग्रहापर्यंत जा. तिथे तुझ्यासाठी काहीतरी आहे. काय ते सांगणार नाही.

बाबा गोळ्या घेतात. मी देते म्हणून.

तुझी,
ऐश्वर्या


कोल्हापूर,
४ ऑगस्ट २०२५

चि. ऐश्वर्यास आशीर्वाद.

सूर्य पहिल्याच दिवशी दिसला होता. दिवेलागणीच्या आत जेवून मोकळं होणारं घर मला ओळखू येणार नाही? बोलले नाही. चांगल्याबद्दल बोलायला घाई नसते, वाइटाबद्दल असते.

नवीन गुरुत्वाकर्षण आलं. आता एक बातमी सांगते, बसून वाच. मी पाच ग्रह पार केले आणि एकही जीव मारलेला नाही.

कसं, ते सांगते. तुझे ते जीव चार पावलं उजवीकडे जातात, थांबतात, वळतात, चार पावलं डावीकडे येतात. मी खडूनं पाटीवर आखून बघितलं. ते थांबतात तेवढ्यात उडी घेतली, तर लहान ग्रहावर ठिपकी त्यांच्या डोक्यावरून सावकाश तरंगत पलीकडे जाते. वाट बघावी लागते, एवढंच. कधी सूर्य मावळतो, मग पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या ग्रहाला मला सहा दिवस लागले.

क्रांती कामावरून आली की जिन्यात डबा ठेवून माझ्यामागे उभी राहते. तिला हे बघवत नाही. “मावशी, हाणा की त्याला! ते काय खरं हाय व्हय?” मी म्हटलं, खरं नाही तर हाणायची एवढी हौस कशाला? काल मात्र मी तीन जिवांवरून एका झेपेत गेले तेव्हा तिनं अशी आरोळी ठोकली की समोरच्या गॅलरीतले लोक बाहेर आले.

माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. सहा वर्षांत मी देवळाच्या शेवटच्या पायरीवरूनसुद्धा उडी मारलेली नाही. आणि काल संध्याकाळी मी हवेत होते. बराच वेळ होते. एवढं तुझ्या खेळाच्या बाजूनं लिहून ठेव.

तुझी,
मावशी


गडहिंग्लज,
९ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि बाबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, “विजूताई शाळेतबी अशीच होती.”

गेम तपासणारे चौदा जण आहेत. पुण्याचे, बेंगळुरूचे, दिवसदिवस खेळणारे. त्यांतल्या एकालाही जीव न मारता तिसरा ग्रहसुद्धा ओलांडायचं सुचलं नाही. तू जे केलंस ते होऊ शकतं हे मलाच माहीत नव्हतं.

म्हणून आता वाईट वाटतं, पण आधीच सांगते. सातव्या ग्रहावर एक दार आहे. तिथले बाराच्या बारा जीव संपल्याशिवाय ते उघडत नाही. तिथे तुझी युक्ती चालणार नाही. वाट बघून काही होत नाही त्या दारापुढे. आणि आता ते बदलणंही शक्य नाही. त्या ग्रहाचं सगळं गणित त्या बारावर उभं आहे, वीस तारीख जाहीर झाली आहे, आणि लोक मला विचारतात की पोरी, कारखान्यातली पक्की नोकरी सोडून चार वर्षं तू काय केलंस. मला एकदा त्यांना काहीतरी दाखवायचंय.

बारा ठिपके, मावशी. दोन मिनिटांचं काम. डोळे मिटून मार, आणि पलीकडे जा. आठवा ग्रह बघायचा राहू देऊ नकोस.

तुझी,
ऐश्वर्या


कोल्हापूर,
२० ऑगस्ट २०२५

चि. ऐश्वर्यास,

मी तुझ्या सातव्या ग्रहाच्या दारात बसले आहे. आज पाचवा दिवस. सूर्य मावळतो, ठिपकी परत मागे जाते, मी पुन्हा तिला दारापर्यंत आणते. दार बंद. वर बारा खुणा, बाराही न पुसलेल्या.

काल क्रांती म्हणाली, “मावशी, तुम्ही तिकडं त्वांड करून बसा. मी मारतो की बारा. तुमच्या डोक्यावर पाप न्हाय.” मी तिला सांगितलं, करणारा, करवून घेणारा आणि झालं ते बरं झालं म्हणणारा, तिघांचा वाटा सारखाच असतो. तर म्हणाली, “मग पोरगीनं केलंय त्यात तुमचा वाटा आलाच की!” फाजील आहे, पण हुशार आहे.

तुझं ‘डोळे मिटून मार’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. जगात जे काही वाईट होतं ते या एका वाक्यानं होतं. आणि ‘चाळीस वर्षांची रीत आहे’ हे उत्तर मी आठवीच्या मुलींकडूनसुद्धा घेतलं नसतं. तारीख जाहीर झाली म्हणून चूक बरोबर होत नाही. दार तू केलंस, ते तूच उघड.

पण तू ऐकणार नाहीस. लहानपणापासून तुला नाही हा शब्द कुणी ऐकवला नाही. तुझ्या आईनं, राजमतीनं, तुला वेळेवर एकदा तरी नाही म्हटलं असतं, तर आज तुला दुसऱ्याच्या जिवाची किंमत कळली असती.

मावशी


२५ ऑगस्ट

मावशी,

दारात बसून राहणं तुला नवीन नाही.

मी नोकरी सोडली त्या आठवड्यात तू आमच्याकडे आली होतीस. पानावर बसल्या बसल्या तू आईला म्हणालीस, “तू पोरीला वाया घालवलंस.” बाबांसमोर, माझ्यासमोर, वाढपाचा चमचा तिच्या हातात असताना. आईनं तो खाली ठेवला आणि म्हणाली, “आक्का, मग माझ्या घरी जेवू नकोस.” तू अर्ध्या पानावरून उठून एसटी स्टँडवर गेलीस.

त्यानंतर आई असेपर्यंत दोन क्षमावाणी गेल्या. दहा दिवसांचं पर्व संपलं की सगळं गाव एकमेकांची क्षमा मागतं. जिला तोंड दाखवायची लाज वाटते तीसुद्धा मागते. आई धाकटी होती, धाकट्यानं आधी लिहायचं, ही रीत मलाही माहीत आहे. पण चूक तुझी होती. दोन्ही वर्षी त्या आठवड्यात आई अंगणातलं गेट वाजलं की बाहेर यायची. पोस्टमन कधी विजेचं बिल द्यायचा, कधी बँकेचं पाकीट. दुसऱ्या वर्षी तिला चालवत नव्हतं, तरी यायची.

तू जांभळ्या ठिपक्यांना जपतेस. छान.

दार बदलणार नाही.

ऐश्वर्या


कोल्हापूर,
८ सप्टेंबर २०२५
क्षमावाणी

ऐश्वर्या,

पर्वाचे दहा दिवस मी संगणकाला हात लावला नाही. तुझं पत्र रोज वाचलं.

मोठ्यानं आधी लिहायचं नसतं, असं मी जन्मभर मानत आले. आज मी आधी लिहिते आहे. माझ्याकडून तुझं मन दुखावलं, बोलून, न बोलून, जाणून, नकळत, त्या सगळ्याची मी तुझी क्षमा मागते. उत्तम क्षमा.

आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट. पहिल्या वर्षी मी खरोखरच रागात होते. दुसऱ्या वर्षी नव्हते. २०२२च्या सप्टेंबरात मी तुझ्या आईला पत्र लिहिलं. दोन पानी. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं. आणि ठरवलं की तिचं पत्र आलं की त्याच दिवशी उलट टपाली टाकायचं. धाकटीचं आधी यायला हवं ना! तिचं येईना. ती तिकडे तुमच्या गेटपाशी, मी इकडे टपालपेटीपासून चाळीस पावलांवर, हातात तिकीट लावलेलं पाकीट. ती आजारी आहे हे मला पुढच्या जूनमध्ये तात्यासोंच्या फोनवरून कळलं, आणि त्यानंतर चारच दिवसांनी दुसरा फोन आला.

मला आक्का म्हणणारी जगात ती एकटीच होती. इतर सगळे मॅडम म्हणतात, मावशी म्हणतात. चार वर्षं तो शब्द माझ्या कानावर पडलेला नाही. तुझ्या पत्रात वाचला तेव्हा मला आधी वाटलं तूच मला हाक मारलीस.

त्या दिवशी पानावर मी जे बोलले ते चुकीचं होतं. वाया गेलेल्या मुलीला सूर्य ठेवायचं सुचत नाही. हे राजमतीला सांगायला हवं होतं, तुला सांगते आहे.

दाराचं राहू दे. उघडू नकोस. मी मारणार नाही, आणि तुझी तारीख मोडावी असंही माझ्या मनात नाही. रोज संध्याकाळी मी ठिपकीला तिथपर्यंत आणते आणि जरा वेळ बसते. मला ती जागा शोभते.

मावशी


गडहिंग्लज,
१६ सप्टेंबर २०२५

ती. मावशी,

उत्तम क्षमा. मीच आधी मागायला हवी होती. आपल्या घरात कुणालाच वेळेवर जमत नाही.

तुझं पत्र बाबांनी उघडलं. चष्मा नव्हता म्हणून मला मोठ्यानं वाचायला लावलं. चाळीस पावलांपाशी मला पुढे वाचता येईना, तर त्यांनी कागद घेतला आणि डोळ्याजवळ धरून स्वतः वाचला. मग म्हणाले, “दार उघड की तिचं.”

म्हणून उघडलं. कसं करायचं याचा तीन दिवस विचार केला. किल्ली ठेवू का, कोडं घालू का, आणखी एखादा सूर्य? शेवटी सुचलं ते इतकं साधं होतं की हसू आलं. दार आहे, तर ते वाजवायचं. दारासमोर उभं राहून खालच्या बाणाचं बटण दाब. ठिपकी हात वर करून थाप मारेल. एवढंच. कुणीही मारलेलं असो, नसो, थाप मारली की दार उघडतं. मी इतकी वर्षं हे दार बांधत होते आणि ते वाजवता येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि आता चिरडणंही काढतेय. जिवावर पाय पडला तर तो गादीसारखा दबेल, पुन्हा फुगेल आणि ठिपकीला पुढे उडवून देईल. ‘पच्च’च्या जागी कुठला आवाज हवा ते ठरवतेय. यात महिना जाईल. वीस तारीख मोडली. तपासणाऱ्या चौदांपैकी एकानं विचारलं, हे काय नवीन? मी लिहिलं, आमच्या मावशीचं म्हणणं आहे. दार तेवढं झालंय, ते आज क्रांतीताईंना पाठवलं आहे.

आता माझी चूक सांगते. आठव्या ग्रहावर आईचा आवाज आहे. २०२३च्या मार्चमध्ये ती आरामखुर्चीत बसून असायची. मी तिला म्हटलं, तू जेवायला हाक मारतेस ना, तशी एक मार, गेममध्ये शेवटी हवी आहे. मी फोन धरला. मला वाटलं ती मला हाक मारेल. तिनं कुणाला मारली ते तूच ऐक. ते माझ्याकडे अडीच वर्षं आहे आणि मी तुला कळवलं नाही. तू आईला वाट बघायला लावलीस, मग तूही आठ ग्रह चालून ये, असं मी ठरवलं होतं. त्याची क्षमा.

आवाज मोठा ठेव.

तुझी,
ऐश्वर्या


कोल्हापूर,
२४ सप्टेंबर २०२५

चि. ऐश्वर्यास अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी पोचले.

क्रांतीनं तिचे स्पीकर आणून लावून दिले आणि स्वतः जिन्यात जाऊन बसली. आत ये म्हटलं तर म्हणाली, “नको मावशी, तुमच्या घरातलं हाय.” मी सातव्या ग्रहावर गेले, बारा जणांवरून गेले, दारासमोर उभी राहिले. बटण दाबायला मला वेळ लागला. वय झालं आहे. मग ठिपकीनं थाप मारली, आणि इतके दिवस जे दार दगडासारखं होतं ते लगेच उघडलं.

आठव्या ग्रहावर एकही जीव नाही, खाचखळगा नाही. सरळ वाट, टोकाला एक घर, मागे शेवगा, आणि सूर्य अगदी टेकलेला. मी उड्या मारल्या नाहीत. चालत गेले.

“आक्का, ये की गं! दिवस बुडायला आलाय, दोन घास खाऊन घे.”

मधे एक खोकला आहे, तो तू कापला नाहीस, बरं केलंस. आणि ‘ये की गं’ मध्ये ती रागावलेली नाही. मी शिक्षिका आहे, मला रागावलेला आवाज कळतो.

मी “आले, आले” म्हणून खुर्चीतून उठले. मोठ्यानं म्हणाले असणार, कारण क्रांती धावत आत आली. “कुणाला म्हणालासा मावशी?” खिडकीतून बघितलं तर आपला खरा सूर्यही अजून होता, समोरच्या टाकीवर बोटभर. काल माझं जेवण राहिलं होतं. मी हात धुतले, पान वाढून घेतलं आणि सगळं संपवलं. क्रांतीला बळेच बसवलं.

सोबत एक जुनं पाकीट आहे. तिकीट लावलेलं आहे, पत्ता तुमच्याच घरचा आहे. नाव राजमतीचं असलं तरी तू उघड. तात्यासोंना वाचून दाखव. आत शुद्धलेखनाची एकही चूक नाही, बाकी सगळं चुकलेलं आहे.

आता तक्रार. राहिली असेल असं तुला वाटलं नव्हतं ना? हाक एकदाच येते. पुन्हा ऐकायची तर पुन्हा पहिल्या ग्रहापासून निघावं लागतं, सगळ्यांना चुकवत, सूर्य सांभाळत, दारावर थाप मारत. क्रांती म्हणते, तिथं एक बटण ठेवायला सांगा, दाबलं की ऐकू येईल.

ठेवू नकोस. आज सकाळी मी निघाले आहे. आत्ता चौथ्या ग्रहावर आहे.

तुझी,
मावशी